दांडिया बाजारातले नाना

गुरुवार

नाना गेले त्याला या पौषात वर्ष होतंय. नाना म्हणजे माझे सख्खे मामा, आईचे थोरले भाऊ. पण बडोद्याच्या दांडिया बाजारात ते सगळ्यांचेच नाना होते. जन्म १९३३ चा, सयाजीराव महाराजांच्या राज्यातला. चोवीस-पंचवीस वर्षं फौजेत, त्यात पासष्ट आणि एकाहत्तरची युद्धं, आणि सुभेदार म्हणून घरी परतल्यावर पुढची जवळजवळ पन्नास वर्षं पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, दुरुस्ती. गेले त्या दिवशीही सकाळी एका पेटीचा भाता शिवून झाला होता. जेवले, आडवे झाले, ते उठलेच नाहीत. एक्क्याण्णव वर्षांचं भरलेलं आयुष्य. रडू आलंच, पण वर्षभर त्याहून जास्त वाटत राहिलं की हे कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने बडोद्याला चालले आहे, तर रोजच्या रोज लिहीन असं ठरवलं.

बोरिवलीहून दुपारची गाडी. प्रवासाबद्दल लिहावं असं काही नाही, भरूचचा पूल सोडून. आपली गाडी नव्या पुलावरून जाते आणि शेजारी नर्मदेवर १८८१ चा जुना गोल्डन ब्रिज दिसतो. लहानपणी नानांबरोबर यायचो तेव्हा भरूच यायच्या आधीच ते आम्हा भावंडांना खिडकीशी बसवायचे. इतर मुलांचे आईवडील नदीत नाणी टाकायला शिकवायचे. नाना म्हणायचे, "रिव्हेट बघा, रिव्हेट. एकेक माणसाने हाताने ठोकलाय."

स्टेशनवरून रिक्षाने काळा घोडा, विश्वामित्रीचा पूल, मग रावपुरा. घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मामी झोपाळ्यावर बसून वाती वळत होती. मला बघून पहिलं वाक्य, "आलीस? पाय धू आणि आधी खिचडी-कढी खा. रडायचं असेल तर उद्या." मामी चौऱ्याऐंशीची आहे, आणि घर अजून तिच्याच शब्दाने चालतं.

शुक्रवार

सकाळी ओसरीत गेले. नानांचं सगळं काम इथेच, खिडकीखाली. मामेभावाने काही हलवलेलं नाही. सागवानी बाक, त्याला बांधलेला शेगडा, डावीकडे पटाशा लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत, उजवीकडे कानशी. भिंतीवर फळीला प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काळ्या रंगाने काढलेली. हत्यार जागेवर नसेल तर रिकामी आकृती लगेच दिसते. ही फौजेतल्या वर्कशॉपची पद्धत. घरात कात्री हरवली तरी नाना म्हणायचे, तिची जागा काढलेली नाही म्हणून हरवली.

नानांचे वडील, माझे आजोबा, कलाभवनात सुतारकाम शिकलेले. सयाजीरावांनी १८९० मध्ये ही संस्था काढली ती कारागिरांच्या मुलांना हातातल्या कलेबरोबर शास्त्रही मिळावं म्हणून. दादासाहेब फाळके तिथेच शिकले हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच छपराखाली पटाशी धरायला शिकून गेलेल्या शेकडो जणांची नावं कुणाला माहीत नसतात. बडोद्याविषयी आपण मराठी माणसं लिहितो तेव्हा महाराज, राजवाडा, दरबारी गवई, फैयाज खाँसाहेब, मौलाबक्ष यांच्याविषयी लिहितो, आणि लिहायलाच हवं. पण त्या गवयांचे तंबोरे कुणी जवारी लावून दिले, त्यांच्या मागच्या पेट्यांचे सूर कुणी घासले? मला तरी वाटतं की या शहराचं गाणं त्या हातांवरही उभं आहे.

नाना फौजेत गेले ते इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्समध्ये, सगळे ईएमई म्हणतात. त्या कोअरमध्ये शिपायाच्या हुद्द्याला क्राफ्ट्समन म्हणतात. तिथून सुरुवात करून ते सुभेदार झाले. त्यांचं मुख्य काम रिकव्हरीचं, म्हणजे रणगाडा किंवा ट्रक बंद पडला, खड्ड्यात गेला, सुरुंगावर गेला, की तो ओढून मागे आणायचा आणि पुन्हा चालता करायचा. पेटीचा नाद लागला तोही फौजेतच. प्रत्येक युनिटचं आपलं देऊळ किंवा गुरुद्वारा असतो आणि तिथे एक पेटी नि ढोलकी असतेच. ती पेटी बिघडली की वर्कशॉपमध्ये यायची, आणि वर्कशॉपमध्ये सुताराचा मुलगा एकच होता.

आज दुपारी भाचीने, म्हणजे मामेभावाच्या मुलीने, मला सूर लावून दाखवला. ती मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे. कलाभवनाच्या त्याच इमारतीत आता युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे, म्हणजे पणजोबा आणि पणती एकाच जिन्याने वर्गात गेले. शेवटची चार वर्षं ती रोज संध्याकाळी नानांजवळ बसायची. नानांची नजर मंदावली होती, कान तसाच होता. ते ऐकायचे आणि ती घासायची.

पेटीचा सूर म्हणजे पितळी पट्टी, तिच्या खाचेत बसवलेली पितळेचीच पातळ जीभ, एका टोकाला रिव्हेटने धरलेली. हवा गेली की जीभ थरथरते. सूर उतरला असेल तर जिभेच्या मोकळ्या टोकाकडे किंचित घासायचं. टोक हलकं झालं की सूर चढतो. चढला असेल तर रिव्हेटजवळ घासायचं. तिथे पातळ झाली की जीभ सैल पडते आणि सूर उतरतो. भाचीने जिभेखाली कागदाची चिठ्ठी सरकवली, बारीक कानस दोनदाच ओढली, फुंकर मारली, सूर परत बसवला आणि शेजारच्या सप्तकातल्या सुराबरोबर वाजवला. दोन्ही आवाजांमधून एक लाट येत-जात होती, वुंव्-वुंव्. पुन्हा काढला, पुन्हा एकदा कानस. लाट लांबत गेली, मग विरून गेली, आणि एकच आवाज उरला. "आजोबा म्हणायचे, लाट ऐक, सूर ऐकू नकोस," ती म्हणाली. जीभ आणि खाच यांच्यातली फट मोजायला तिने जे फीलर गेज काढलं, ते नानांचं फौजेतलं. याच पात्यांनी त्यांनी रणगाड्यांच्या इंजिनांचे व्हॉल्व मोजले होते.

सूर पालिताण्याचे. भावनगरकडच्या पालिताण्याला पेटीचे सूर करणारे कारागीर आहेत आणि देशभरचे पेटीवाले त्यांना मानतात. नाना वर्षाकाठी एकदा तिकडे जायचे, शत्रुंजयाच्या पायथ्याशी. लोक डोंगर चढून दर्शनाला, नाना खाली बसून एकेक सूर तोंडाने फुंकून निवडत.

बाकाखालच्या कपाटात वह्या सापडल्या. लांब, लाल पुठ्ठ्याच्या, किराणावाल्याकडे असतात तशा. प्रत्येक पेटीला क्रमांक, आल्याची तारीख, मालक, रोग, उपाय, लागलेला माल, परत गेल्याची तारीख. अक्षर छापल्यासारखं. "रोग" या रकान्यात "उंदराने चामडे खाल्ले", "मुलाने आत पेन्सिल टाकली", "गवयाने रागात आपटली". पैशांचा रकाना शेवटी, आणि बऱ्याच ओळींत तिथे फक्त एक आडवी रेघ. मामीला विचारलं तर म्हणाली, "भजनी मंडळ, शाळा आणि विधवा बाई, यांच्याकडून घेत नसत. मला कधी सांगितलं नाही, पण घर मी चालवत होते, मला कळायचं ना."

ऑगस्ट २०२४ ची पानं मी दोनदा वाचली. त्या महिन्याच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला, पाणी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेलं, अर्धं शहर पाण्याखाली, मगरी रस्त्यावर. दांडिया बाजारातलं आमचं घर वाचलं. पण पाणी ओसरल्यावर कारेलीबाग, समा, फत्तेगंज, सगळीकडून भिजलेल्या पेट्या यायला लागल्या. काही तर चादरीत बांधून, सुट्ट्या फळ्यांच्या. नाना तेव्हा एक्क्याण्णवात. मुलाने सांगितलं, परत पाठवा, एवढं होणार नाही तुमच्याने. नानांनी ओसरी रिकामी करून घेतली आणि सगळ्या पेट्या उघडून सावलीत पंख्याखाली पसरल्या. उन्हात ठेवली तर फळी पिळवटते. सरसाने जोडलेल्या जुन्या पेट्या पाण्याने सुटल्या होत्या, पण फुटल्या नव्हत्या. सरस विरघळला आणि सांधे आपोआप मोकळे झाले. नव्या गोंदाने चिकटवलेल्यांत सांधा धरून राहिला आणि लाकूड फाटलं. नाना नातीला म्हणाले, "सांधा असा करावा की पुढच्या कारागिराला उघडता आला पाहिजे." मला त्यांच्या सगळ्या बोलण्यात हे वाक्य सर्वांत मोठं वाटतं.

त्या पुरातल्या पेट्यांपैकी एक अजून इथेच आहे, कारेलीबागेतल्या एका भजनी मंडळाची. नानांनी सांगाडा जोडून दिला, सूर लावायचे राहिले. आज भाचीने जे लावले ते त्याच पेटीचे. सोमवारी पोचवायची आहे.

संध्याकाळी सूरसागरावर चक्कर. तळ्यात मधोमध एकशे अकरा फुटी महादेव, काठावर संगीत महाविद्यालय. १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा म्हणून सुरू झालेलं. खिडकीतून कुणीतरी यमन घोटत होतं, पेटीवर. आकाशवाणीने १९४० पासून पेटीला बंदी घातली होती. ती उठायला १९७१ साल उजाडलं. त्या वर्षी नाना सीमेवर होते. ही गोष्ट ते फार रंगवून सांगायचे: "रेडिओवाल्यांनी पेटीला माफ केलं, आणि मला कळलं बंकरमध्ये!"

शनिवार

सकाळी फत्तेगंजला ईएमई स्कूलच्या आवारातल्या दक्षिणामूर्ती मंदिरात. ओळखपत्र दाखवून आत सोडतात. मंदिर १९६६ चं, ब्रिगेडियर युजीन यांच्या कल्पनेतलं. ते स्वतः ख्रिस्ती, देव शंकर, आणि घुमट अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांचा, त्रिकोणी तुकडे जोडून केलेला. कळस हिंदू, घुमट मुसलमानी, मनोरा ख्रिस्ती, आणखी जैन आणि बौद्ध खुणाही. बांधकाम झालं तेव्हा नाना पंजाबात होते, पण सुट्टीवर आले की पहिल्यांदा इथे यायचे आणि पत्र्यांचे सांधे बोटाने चाचपायचे. नमस्कार नंतर.

तिथे नानांचे फौजेतले सोबती भेटायला आले होते, मामेभावाने बोलावून घेतलं होतं. सरदारजी, हवालदार म्हणून निवृत्त, वय ब्याऐंशी. बायको गुजराती, म्हणून बडोद्यातच राहिले. पासष्टच्या युद्धात पंजाबच्या सीमेवर खेमकरणला नानांच्याच रिकव्हरीच्या तुकडीत होते. नानांनी आम्हाला युद्धाची गोष्ट नेहमी यंत्रांची म्हणून सांगितली. माणसांची बाजू आज पहिल्यांदा ऐकली.

सप्टेंबर १९६५, ८ ते १०. खेमकरणकडून पाकिस्तानची चिलखती डिव्हिजन पॅटन रणगाडे घेऊन आत घुसली. आपल्याकडे सेंच्युरियन, दुसऱ्या महायुद्धातले शेरमन आणि हलके एएमएक्स. असल उत्तर गावाजवळ आपल्या फौजेने घोड्याच्या नालासारखा वेढा धरला, कालवे फोडून शेतं भिजवली, उसात दबा धरला. पॅटन त्या चिखलात रुतले. तिथेच कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने एकामागून एक रणगाडे टिपले आणि १० तारखेला तिथेच ते पडले. शत्रूचे सत्त्याण्णव रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले. नंतर भिखीविंडला त्यांची रांग लावली होती, लोक त्या जागेला पॅटननगर म्हणायला लागले.

त्या रांगेपर्यंत ते रणगाडे आपण होऊन चालत गेले नाहीत. चाळीस-पंचेचाळीस टनांचं धूड, पोटापर्यंत चिखलात. सरदारजींनी जमिनीवर काठीने आकृती काढून सांगितलं: नुसतं ओढलं तर दोर तुटतो, रणगाडा हलत नाही, कारण खालचा चिखल त्याला चोखून धरतो. आधी पट्ट्यांपुढे खणायचं, लाकडाचे ओंडके सरकवायचे, चिखलाची पकड सोडवायची. मग विंचचा, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचा, दोर कप्प्यांमधून फिरवून घ्यायचा, म्हणजे ओढ दुप्पट-तिप्पट होते. हे सगळं रात्री, दिवा न लावता. आत कधीकधी माणसं असायची, मेलेली. त्यांना बाहेर काढणं हेही याच लोकांचं काम. नाना सांगायचे ते इतकंच की "आधी रिकामा करायचा, मग ओढायचा." रिकामा करायचा म्हणजे काय, हे मला आज समजलं. सरदारजी म्हणाले, तुमचे मामा शत्रूच्या प्रत्येक पोराला बाहेर काढून चादर घालायचे आणि मगच दोर बांधू द्यायचे.

नानांच्या घरात एक नियम होता: ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही. कपड्यांची दोरी असो, पतंगाचा मांजा असो, झोपाळ्याची साखळी असो, नाना हात धरून बाजूला करायचे. आम्हाला ती त्यांची सवय वाटायची. सरदारजींनी सांगितलं की विंचचा पोलादी दोर तुटून परत आला तेव्हा त्यांच्या तुकडीतला एक मुलगा त्या रेषेत उभा होता. एकोणीस वर्षांचा. त्यानंतर नाना महिनाभर कुणाशी बोलत नव्हते.

त्याच महिन्यात, युद्धविराम झाल्यावर, भिखीविंडजवळच्या एका गावातल्या गुरुद्वाऱ्याचा वाजा, म्हणजे पेटीच, त्यांनी दुरुस्त केला. तोफगोळ्याच्या धक्क्याने छत पडलं होतं, वाजा ढिगाऱ्याखाली. नानांनी दारूगोळ्याच्या पेटीची फळी कापून नवी बाजू बसवली, ताडपत्रीच्या कडेचं चामडं भात्याला लावलं. पहिलं कीर्तन झालं तेव्हा मागे बसले होते. "तेव्हा पुन्हा बोलायला लागले," सरदारजी म्हणाले, आणि चहाचा कप खाली ठेवून बराच वेळ घुमटाकडे बघत बसले.

घरी येऊन मामीला विचारलं, तुला हे माहीत होतं? ती म्हणाली, "त्यांच्या झोपेतनं माहीत होतं." समर सेवा स्टार, रक्षा मेडल, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, सगळी पदकं तिने कपाटातून काढून दाखवली. जुन्या सुरांच्या डब्यात, मलमलीत गुंडाळलेली.

रविवार

पहाटे निघून चांदोद. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर, वाटेत डभोई. इथे थांबायचं हे आधीच ठरलेलं, कारण नाना थांबल्याशिवाय पुढे जात नसत. मराठी माणसाला डभोई ठाऊक असते ती १७३१ च्या लढाईमुळे, बाजीरावांनी त्रिंबकराव दाभाड्यांना हरवलं ते इथेच जवळ. नाना इतिहासाचं ते पान चटकन उलटायचे आणि दोन गोष्टी दाखवायचे. एक, डभोईची रेल्वे. १८६२ मध्ये खंडेराव गायकवाडांच्या राज्यात मियागाम ते डभोई अरुंद रूळ टाकले आणि त्यावर गाड्या ओढल्या बैलांनी! इंजिनं पुढे दहाएक वर्षांनी आली. आता तिथून केवडियाला ब्रॉडगेज जाते. दुसरी, हिरा भागोळ. किल्ल्याचा पूर्वेचा दरवाजा. सूर्य वर येत होता आणि दगडातले हत्ती, नर्तकी, मकर, सगळे एका बाजूने उजळत होते. दंतकथा सांगते की हिराधर नावाच्या शिल्प्याने हा घडवला आणि त्याला इथेच जिवंत पुरलं. राजाचं नाव सांगताना गाइडही अडखळतात, दरवाजा मात्र हिराधरच्या नावाने उभा आहे. नाना या दरवाज्याखाली टोपी काढायचे.

चांदोदला नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वतीचा संगम. होडीने पलीकडे जाऊन विधी. मामेभावाने पिंड ठेवले, मी, भाची, सगळ्यांनी तिलांजली दिली. गुरुजी नाना-आजोबांच्या जुन्या ओळखीचे. त्यांच्याच घरी पान वाढलं. भरडाचे वडे, खीर, आळूची भाजी, आमसुलाची चटणी. जेवण होतं न होतं तोच गुरुजींनी आतून पेटी आणली. "नानांनीच २०११ मध्ये करून दिली होती, एक पट्टी अडकते." भाचीने तिथल्या तिथे पट्टीची सळई सरळ केली. श्राद्धाच्या दिवशी हत्यार हातात घ्यावं का, असं कुणी विचारलं नाही. मामी खुशीत होती.

सोमवार

परतीची गाडी संध्याकाळची. सकाळी भाची, मी आणि भजनी मंडळाची पेटी, रिक्षाने कारेलीबाग. मंडळ म्हणजे सोसायटीतल्या दहा-बारा बायका, बहुतेक मराठी, दोन गुजराती. सव्वा वर्षानंतर पेटी परत आलेली पाहून त्यांनी आधी तिला हळदीकुंकू लावलं. पेटी वाजवणाऱ्या आजींनी पांढरी चारला, म्हणजे चौथ्या पांढऱ्या पट्टीवर, सूर धरला, ऐकलं, मान हलवली. "वरचा गंधार जरा चढा लागतोय गं." भाचीने ऐकलं. तिलाही लाट ऐकू आली. पिशवीतून फीलर गेज, कानस, कागदाची चिठ्ठी निघाली, पेटीचं झाकण उघडलं आणि दिवाणखान्यातच काम सुरू. रिव्हेटजवळ एकदा. पुन्हा ऐकलं. पुन्हा एकदा. आजी म्हणाल्या, "हं. आता नानांचा."

पैसे विचारले. भाचीने नानांची वही बरोबर आणली होती. पेटीच्या ओळीत तारीख लिहिली आणि शेवटच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. बायका ऐकेनात, तेव्हा ती म्हणाली की भजनी मंडळाकडून आमच्या दुकानात घेत नाहीत. "आमच्या दुकानात" हे तिने पहिल्यांदा म्हटलेलं मी ऐकलं.

निघताना शेजारच्या घरातून एक बाई आल्या, त्यांची पेटी पुरापासून माळ्यावर पडलेली. तिसऱ्या मजल्यावर आणखी एक, सासऱ्यांची. दोन्ही खाली आणवल्या. भाचीने भाता भरून सोडला, आकडे मोजले, चारालाच हवा गेली. "चामडं नवं लागेल, सूर साफ करून चालतील, तीन आठवडे," तिने सांगितलं. रिक्षावाला आधी कुरकुरला, मग स्वतःच एक पेटी मांडीवर घेऊन बसला आणि म्हणाला, बेन, ही हळू चालवतो.